नानांसमोर डावा हात

दुफिएच्या हातातला कॅमेरा साबणाच्या वडीएवढा होता, पण सकाळपासून तो तिला पाट्याएवढा जड वाटत होता. घानातल्या कुमासी शहराजवळच्या या गावात बारसं असो की मयत, फोटोसाठी हाक तिलाच. आजचं बोलावणं मात्र राजवाड्यावरून आलेलं. राजमाता, म्हणजे गावाच्या नाना, फार थकल्या होत्या. त्यांचा धड एकही फोटो नव्हता. आजचा फसला, तर त्या पुन्हा दरबारात बसतील की नाही कोण जाणे. आणि मग दुफिएला कोण दारात उभं करणार?

नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून फ्लॅश चालणार नव्हता. त्याची तिला धास्ती नव्हती. भाच्याने हॅम्बुर्गहून पाठवलेल्या कॅमेऱ्याच्या खोक्यावरच लिहिलेलं, की हात हलला तरी फोटो हलत नाही.

चपला काढून ती राजवाड्याच्या अंगणात नानांपासून लांबच उभी राहिली. डावा हात पाठीमागे. नानांसमोर डावा हात पुढे करणं म्हणजे त्यांचा अपमान. एकट्या उजव्या हातात कॅमेरा धरून तिने झूमने नानांचा चेहरा जवळ ओढला, बटण दाबलं, आणि पडद्यावर पाहिलं. नानांना दोन नाकं!

पुन्हा दाबलं. तेच.

नानांवर धरलेल्या मोठ्या छत्रीखाली सावली दाट. फ्लॅश नसला की कॅमेरा उजेड प्यायला डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, तेवढ्यात हात थरथरतो, आणि झूममुळे ती थरथरही मोठी होते. खोक्यावरचं वचन एवढ्या थरथरीला पुरणारं नव्हतं.

"काय गं, फोटो काढतेस की माश्या हाकतेस?" आग्येमान ओरडला. नानांच्या वतीने बोलणारा, सोनेरी काठीचा मानकरी तो. माणसं हसली.

"बाबा, नानांच्या कानावर घाला," दुफिएचा आवाज चिरकला. "मला जवळ येऊ द्या. आणि डाव्या हाताची माफी असावी. दोन हातांनी धरल्याशिवाय चेहरा येत नाही."

हसू थांबलं. "हिची मस्ती बघा!" कुणीतरी पुटपुटलं. आग्येमान नानांच्या कानाशी वाकला. किती वेळ वाकलेलाच!

तो ताठ झाला. "नाना विचारतात, बाळाला न्हाऊ घालताना डावा हात कुणी घरी ठेवून येतं का? ये. आणि आटप, त्यांची पाठ दुखतेय."

ती पुढे गेली. झूम मागे घेतलं, दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवली, श्वास रोखला, आणि बटण अलगद दाबलं.

नानांनी कॅमेरा घेऊन त्याचा पडदा डोळ्यांशी नेला. बघत राहिल्या. आग्येमान कान पुढे करून उभाच, पण त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि सरळ दुफिएलाच म्हणाल्या,

"आणखी एक काढ, पोरी. यात मीच घाबरलेली दिसतेय."