होयबाचं मत

माझे भावोजी केस कापतात. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सलून आहे. खुर्च्या दोन, पण दुसऱ्या खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं आणि टॉवेल बसलेले असतात. माझं दुकान अगदी लगत. मी पँटी आखूड करते, चेन बदलते, उसवलेलं शिवते. आमच्यामध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन आहे, आणि ते इतकं पातळ की पलीकडे कुणी शिंकलं तर इकडे माझा दोरा तुटतो. त्यामुळे गल्लीचं मत काय, हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. मशीन थांबवायचं आणि ऐकायचं.

आणि काय काय ऐकलंय मी! तेल महागलं, नळाला पाणी येत नाही, येतं तेव्हा तांबडं येतं, कारखाना बंद पडल्यापासून भरदुपारी पुरुषमाणसं ओट्यावर दिसायला लागली, पोरं शिकून घरात बसली. अंगावर ती पांढरी चादर पडली की माणसाला कंठ फुटतो. एरवी बायकोपुढे ब्र न काढणारासुद्धा त्या खुर्चीत बसून देश चालवतो. भावोजींचं सगळ्यावर उत्तर एकच: "हो ना!"

एकदा सकाळी एक जण म्हणाला, तरुणांना कामच मिळत नाही. "हो ना, कुठंय काम?" तो उठला, त्याचे केस अजून जमिनीवर होते, तोच दुसरा बसला आणि म्हणाला, तरुणांना काम नकोच असतं. "हो ना, कुणाला पाहिजे काम?" मी तोंडात सुई धरून हसत होते, गिळायचीच राहिली. गल्लीनं त्यांचं नावच होयबा ठेवलं होतं, आणि तोंडावर होयबा म्हटलं तरी ते म्हणायचे, "हो."

मी मेहुणी. थट्टा करायचा माझा हक्कच. "भावोजी, नंदीबैलसुद्धा अधूनमधून नाही म्हणतो हो," असं मी एकदा म्हटलं, तर ते वस्तरा पुसत म्हणाले, "उस्तादांनी शिकवलंय मला. वस्तरा गळ्याशी असताना वाद घालायचा नाही. आपण नाही म्हटलं की गिऱ्हाईक मान हलवतं. आणि मान हलली की..." पुढचं त्यांनी स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं.

मला ते पटलं. ताईला कधीच पटलं नाही. "मग वस्तरा दुकानात ठेवून घरी येत जा ना!" ती म्हणायची. "भाजीवाली म्हणाली अख्खा भोपळा घ्या, की हे हो! दोन माणसांना अख्खा भोपळा! आठवडाभर काय मी त्याच्यावर बसू?"

घरात दोनच माणसं, कारण माझा भाचा, त्यांचा एकुलता एक, लांबच्या शहरात. तिथल्या एका मोठ्या गोदामात माल उचलायची गाडी चालवतो. बायको आहे, तीन वर्षांची मुलगी आहे. आजी-आजोबांनी नातीला पाहिलं ते दोनदाच. ताई रोज संध्याकाळी फोन लावायची, आणि फोन ठेवताना न चुकता म्हणायची, "आता पुरे झालं तिकडे. लवकर परत या." पलीकडून उत्तर यायचं, "हो आई." ताईचं पोट तेवढ्यावर भरायचं.

आणि मग ती बातमी आली! गल्लीमागच्या मोकळ्या मैदानावर एक कंपनी गोदाम बांधणार. आपल्या मैदानावर! जिथे आठवडी बाजार बसतो, पोरं खेळतात आणि धुणी वाळतात, तिथे. हार्डवेअरच्या शेठना कंपनीच्या माणसानं स्वतः सांगितलं होतं की गाडी चालवायचा अनुभव असलेल्यांना आधी घेणार. ताई त्या दिवशी चप्पल न घालताच माझ्या दुकानात आली. "ऐकलंस? ऐकलंस का? माझं पोर येतंय!" मी म्हटलं, अगं, अजून वीट नाही रचली. पण ऐकतेय कोण! बाजारात तुरी आणि घरात मारामारी, तसं तिनं दुसऱ्याच दिवशी मागची खोली रिकामी करायला काढली. रविवारपर्यंत भिंतींना पिवळा रंगही लागला, नातीला पिवळा आवडतो म्हणून.

गल्लीला तर उकळी फुटली होती. निम्मी गल्ली म्हणे, काम येतंय तर दार कशाला लावायचं, ओट्यावर बसून माश्या मारण्यापेक्षा बरं. निम्मी म्हणे, शाळेच्या रस्त्यावरून दिवसरात्र ट्रक जाणार, बाजार उठणार, आणि काम बाहेरच्यांना मिळणार, आपल्या हाती धुरळा. पहिल्यांचे पुढारी शेठ. दुसऱ्यांचे आमचे निवृत्त मास्तर. नगरपालिकेनं पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी ठेवली. कुणाचीच हरकत नसेल तर काम लगेच सुरू. हरकत निघाली तर दुसरी सुनावणी, ती कधी ते देव जाणे, आणि कंपनीची दुसऱ्या गावची जागा तयारच होती. ताईला हे तोंडपाठ झालं होतं.

दोन्ही बाजूंची माणसं त्या आठवड्यात दाढीला जरा जास्तच आली. शेठ म्हणाले, गोदाम व्हायलाच पाहिजे. "हो ना!" मास्तर म्हणाले, ट्रकखाली एखादं पोर सापडलं तर? "हो ना, फार वाईट!" सायकलवाला तर गालाला साबण लावलेला असताना गरजला, "मी ट्रकपुढे आडवा झोपेन!" भावोजी म्हणाले, "हो हो, पण आत्ता सरळ बसा."

गिऱ्हाईक गेल्यावर मी पार्टिशनच्या कडेनं डोकं काढलं. "भावोजी, तुमचं मत काय?"

कात्री थांबली. "माझं? मला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"पोरगं यावं," ते म्हणाले. "दुसरं काय! घरात लहान मूल फिरावं." मग जरा वेळानं म्हणाले, "पण मास्तर म्हणतात तेही खरंच आहे गं."

रविवारी सकाळी हॉल असा भरला की खिडक्यांत माणसं बसली. समोर टेबलाशी नगरपालिकेच्या अधिकारी बाई, शेजारी कंपनीचा माणूस, इस्त्रीच्या शर्टातला. मी आणि ताई तिसऱ्या ओळीत, भावोजी बाजूला भिंतीकडे. ताईनं ठेवणीतले कपडे घातले होते, जसं काही भाचा तिथेच येऊन उतरणार होता.

सुरुवातच काय झाली! बाईंनी विचारलं, आधी कोण बोलणार? शेठ उठून म्हणाले, "आमच्या बाजूनं सलूनवाले बोलतील. सगळी गल्ली त्यांना मानते." मास्तर ताडकन उठले. "अहो, ते आमच्या बाजूचे आहेत!" "तुमचे कसे? मंगळवारीच मला हो म्हणाले!" "मला बुधवारी म्हणाले!" हॉल फुटला हसून. सायकलवाल्यानं शिट्टी मारली. माझे भावोजी खुर्चीत इतके खाली सरकले की फक्त भांग दिसत होता. ताईनं कपाळाला हात लावला. बाईंनासुद्धा हसू आवरेना. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "शेठ, तुम्हीच बोला."

शेठ बोलले, आणि छान बोलले. टाळ्या पडल्या. मग बाईंनी विचारलं, "आता कुणाची काही हरकत?"

आणि हॉल गप्प. चिडीचूप! कंपनीचा माणूस एकेका चेहऱ्याकडे बघत होता, आणि ज्या चेहऱ्याकडे बघेल तो चेहरा छताचा पंखा बघायला लागायचा. मास्तर स्वतःचे बूट न्याहाळत होते. त्यांच्या नातवानं त्याच कंपनीत अर्ज टाकला होता, हे मला नंतर कळलं. ट्रकपुढे आडवा झोपणारा सायकलवाला उभ्याउभ्याच झोपला होता. मला असा राग आला म्हणून सांगू! आठवडाभर माझ्या कानाशी डरकाळ्या फोडल्या आणि आता मांजरं. पण मी तरी कुठे तोंड उघडलं? ताईनं माझा हात धरला होता, घट्ट, घामेजलेला, आणि ती पुटपुटत होती, "झालं, झालं, झालं."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "सर्वांचं एकमत आहे, असं लिहिते."

"नाही!"

मला वाटलं, मागून कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी मागे पाहिलं. मागचेही एकमेकांकडेच बघत होते. मग दिसलं, भिंतीकडे भावोजी उभे होते. चेहरा टॉवेलसारखा पांढरा, आणि उजव्या हाताची दोन बोटं कात्री धरल्यासारखी हलत होती.

"तुमची हरकत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

पुन्हा हशा. पण ते खाली बसले नाहीत. "माझी हरकत नाही, बाई. गोदाम व्हावं, मला तर पाहिजेच आहे. माझा मुलगा परत येईल. पण एकमत नाहीये हो. मी रोज ऐकतो. कोण काय म्हणतं ते मी मेलो तरी सांगणार नाही, खुर्चीतलं खुर्चीतच राहील. पण एकमत लिहू नका. ते खोटं होईल."

ताईनं माझा हात सोडला.

मग मास्तर उठले. खाकरले. "खुर्चीत मी बोललो होतो," ते म्हणाले, "आणि इथेही बोलतो. नातवाचं काय व्हायचं ते होवो." ट्रक शाळेसमोरून नकोत, मागच्या बाजूनं रस्ता काढा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग सायकलवाल्याला जाग आली. मग बाजारातल्या बायका उठल्या, एकीचं संपायच्या आत दुसरी. कामं कुणाला देणार ते आधी सांगा! बाजार कुठे बसवणार? एक म्हातारबा तर उठून तांबड्या पाण्यावरच बोलले, त्याचा गोदामाशी काही संबंध नव्हता, तरी त्यांना सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. शेठसुद्धा शेवटी म्हणाले, मागच्या रस्त्याला माझीही ना नाही. अशी गल्ली मी जन्मात पाहिली नव्हती! मीही उभी राहून काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही, पण जोरात बोलले.

बाईंनी दुसरी सुनावणी जाहीर केली. लोक भावोजींच्या पाठीवर थापा मारत होते. ते मात्र गर्दीत ताईला शोधत होते. ती केव्हाच निघून गेली होती.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर घरात चमचा पडला तरी दचकावं अशी शांतता. ताई भांडी घासत होती. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. भावोजी मोरीच्या दाराशी उभे, आत जावं की नको अशा विचारात. "आयुष्यात एकदा नाही म्हणायचं होतं," ताई भांड्यांना म्हणाली, "ते नेमकं माझ्या पोराच्या वेळी."

तेवढ्यात फोन वाजला. भाच्याचा. ताईचे हात ओले, म्हणून मी स्पीकर लावला.

"बाबा! मला चार जणांचे फोन आले! तुम्ही भरसभेत नाही म्हणालात? तुम्ही?"

"हो," भावोजी म्हणाले.

तो हसत सुटला. ताई कडाडली, "हसतोस काय! तुझं येणं लांबलं या माणसामुळे. आता कंपनी राहते का जाते कोण जाणे."

हसू थांबलं. भावोजी फोनजवळ सरकले. चादर बांधण्याआधी गिऱ्हाइकाच्या मानेपाशी वाकतात तसे वाकले आणि म्हणाले, "बाळा, तुला एक कधी विचारलंच नाही आम्ही. तुला यायचंय ना इकडे?"

"हो ब..." तो म्हणाला, आणि थांबला. "नाही, बाबा."

ताईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"आईला रोज हो म्हणत आलो," तो म्हणाला. "ती इतकी खूश होऊन विचारायची, नाही कसं म्हणणार? पण आमचं इथे बस्तान बसलंय आता. हिची नोकरी कायम झाली. पोरगी बालवाडीत जाते. आई, रागावू नकोस ना."

मी ताईकडे बघायचं टाळलं. मला रडू येत होतं, तिचं काय झालं असेल! ती मोरीतून उठली, हात पुसले, पिवळ्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत.

"अगदी बापावर गेलास मेल्या! आणि मी इथे भिंती रंगवतेय!" मग नाक पुसून म्हणाली, "बरं, आम्हीच आलो चार दिवस, तर चालेल तुम्हाला?"

"हो!"

"हे खरं हो आहे की तुझ्या बापाचं?"

"खरं, आई! शपथ!"

"तुझं काही सांगू नकोस. पोरीकडे दे फोन. तिला अजून खोटं बोलता येत नसेल."

खुडबूड झाली, आणि एक बारीक श्वास फोनवर ऐकू यायला लागला. भावोजींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. ते फोनवर जवळजवळ पडलेच. "आजोबा येतायत हं तुझ्याकडे! आजोबा तुझे छान केस कापणार! कापू ना?"

"नाही!" ती अशी ओरडली की फोन टेबलावर थरथरला.

आम्ही तिघंही हसलो, पोट धरधरून, भावोजी तर डोळे पुसत होते.

"ही माझ्यावर गेलीय," ताई म्हणाली, आणि कपाटावरची बॅग काढायला तिनं स्टूल ओढलं.