अण्णांचा थ्रेड

चाकणच्या कंपनीत रुजू झाले त्या दिवशी मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, एक मेल केला: 'पोहोचले.' त्यांचे कान गेलेले, फोनवर काही ऐकू यायचं नाही. पण जन्मभर भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये टायपिस्ट होते, बोटं झरझर चालायची. तेव्हापासून काहीही कळवायचं झालं की ते तोच मेल उघडून रिप्लाय दाबायचे. मेलचा प्रोग्राम सगळं एकाच थ्रेडमध्ये जमा करायचा. पाणी आलं नाही, शेजारच्या काकूंनी कढी दिली, मोगऱ्याला कळी आली. दर रिप्लायला अख्खा थ्रेड इनबॉक्समध्ये वर यायचा.

ऑडिटच्या दिवसांत मी एकदा वैतागले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, म्यूट कर ना तो थ्रेड. रिप्लाय आला तरी वर दिसणार नाही."

"अण्णांचा आहे गं."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे!"

मी म्यूट केला. ऑडिट संपलं आणि विसरले. अण्णांचे मेल दिसत नाहीत हे लक्षात आलं होतं. दोन रविवार निगडीला त्यांच्याकडे गेले नाही म्हणून रुसले असतील, असं वाटलं. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं.

तिसऱ्या रविवारी गेले. दार उघडून त्यांनी मला बघायला अख्खी मान वळवली.

"ये. मेल मिळाला ना?"

"कुठला?" मी हातवारे करून विचारलं.

"डोळ्याचा."

उंबऱ्यातच मोबाइलवर थ्रेड उघडला. एकाखाली एक दहा रिप्लाय. 'डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके उडतात.' मग, 'खालून काळा पडदा वर चढतोय. घाई नाही, तुला सवड झाली की डॉक्टरकडे जाऊ.' शेवटचा, 'ऑडिट नीट झालं का?'

"काकूंना का नाही सांगितलं?" मी ओरडलेच.

"तुला सांगितलं होतं ना."

डॉक्टर म्हणाले, आतला पडदा पूर्ण सुटलाय, आठ दिवस आधी आणायला हवं होतं. ऑपरेशन झालं, नजर आली नाही. उजव्या डोळ्याला आधीपासूनच जेमतेम दिसायचं.

दवाखान्याच्या बाकावर मी त्यांना खरं सांगितलं. हळू सांगून ऐकू येईना. शेवटी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "अण्णा, मी तुमचे मेल बंद करून ठेवले होते!" समोरच्या बायका वळून बघायला लागल्या.

 अण्णा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्यामुळे तुझे कामाचे मेल अडत असतील."

थ्रेड आता म्यूट नाही. त्यात नवीन काही येत नाही. त्यांना स्क्रीन दिसत नाही. रविवारखेरीज मी बुधवारीही कंपनी सुटली की तिकडे जाते, कानाशी बसून मोठ्याने पेपर वाचते. परवा मध्येच थांबवून म्हणाले, "दमली असशील. राहू दे बाकीचं."

मी वाचत राहिले.