यथायोग्यचं उर्दू

हमीदाआपा खोटं ऐकून घरी आल्या की आधी चूळ भरत. अंगावरचा बुरखा काढायच्या आत त्या मागच्या अंगणात जात, रांजणातला तांब्या घेत आणि लिंबाच्या बुडाशी खळखळून चूळ टाकत. एकदा, दोनदा, खोटं मोठं असेल तर तीनदा. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे उर्दूच्या शिकवणीला गेले, तेव्हा मला वाटलं की बाईंनी तंबाखू खाल्ली असावी. त्यांना माझा चेहरा वाचता आला. बुरख्याच्या कडेने तोंड पुसत म्हणाल्या, "लोकांचं खोटं कानात न्हाई ऱ्हात गं सुमन. तोंडात उतरतं. वकारी येते."

वकारी म्हणजे ओकारी. आपा हैदराबादच्या, घरची बोली दखनी. मराठी त्या जालन्यात आल्यावर मोलकरणी आणि विद्यार्थिनींकडून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत पुस्तकी शब्द एकही नव्हता. आणि हा एक शब्द मात्र दिवसातून दहा वेळा येई. मुलीचं लग्न लावायला तिचं वय वाढवून सांगणारा बाप, साहेब येणार म्हणून एका दिवसापुरती पुसलेली शाळा, सगळ्यांवर आपांचा शेरा एकच.

तुम्ही दोघा नातवंडांनी पत्रात लिहिलंत की तिकडे तुमच्या विद्यापीठातली मुलं तरुणांच्या एकोप्याबद्दल सरकारला द्यायचा मसुदा तयार करत आहेत, आणि त्यातला एक शब्द काही वजनदार मंडळींना टोचतो म्हणून तो मऊ करायचं घाटतं आहे. पत्र वाचून मला आपा आठवल्या. त्यांना तुम्ही पाहिलेलं नाही, आणि त्यांना ओळखणारं आता माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने सांगते.

काळ निजामी राज्याच्या शेवटच्या वर्षांतला. मी सतरा वर्षांची. मिशनच्या शाळेत माझं इंग्रजी झालं होतं, पण दफ्तराची भाषा उर्दू, म्हणून वडिलांनी मला जालन्यातल्याच कादराबाद भागात आपांकडे घातलं. आपा सरकारी मुलींच्या शाळेत शिकवत. वय पस्तिशीच्या आतबाहेर, अंगाने काटकुळ्या, नाक धारदार, आणि त्या नाकाच्या दोन्ही बाजूंना कायमची एक घडी, जशी दूध नासल्याचा वास घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडते.

गावात तेव्हा तरुण मंडळ होतं. वाचनालयाच्या खोलीत रविवारी बैठक भरे. मंडळाचे पुढारी नरहरीदादा, कापसाच्या अडत्यांचे चिरंजीव, पांढरे स्वच्छ कपडे, गोड गळा. सगळ्या जातींच्या तरुणांनी एक व्हावं यावर ते असे बोलत की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. त्या मंडळात हसनाबादचा तुकाराम होता. गाव ज्याला महारवाडा म्हणे तिथला, एकोणीस वर्षांचा, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा. जालन्यात तो मामाकडे राहून शिकत होता. मामा जिनिंगमध्ये कामाला होते. त्या वर्षी ते वारले आणि खोली गेली. तुकारामचं मॅट्रिक एका वर्षावर आलेलं. शाळेचं बोर्डिंग होतं, पण त्यात त्याच्या जातीच्या मुलाला आजवर कोणी घेतलं नव्हतं. बोर्डिंगात जागा मिळाली तर परीक्षा, नाहीतर हसनाबादला परत जाऊन गावकीची कामं. इतकं सरळ होतं ते.

मंडळाने ठरवलं की तालीम म्हणजे शिक्षण खात्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांना, मोहतमीमसाहेबांना, अर्ज द्यायचा: बोर्डिंग सर्व मुलांना खुलं करावं, आणि सर्वांनी एका पंगतीला जेवावं. अर्ज उर्दूत हवा, आणि चांगलं दफ्तरी उर्दू गावात आपांना येई. म्हणून त्यांना बोलावलं. आम्ही दोघी चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्यामागे बसायचो.

त्या बैठकांमधला चहा मला अजून आठवतो, आणि आठवला की तोंड कडू होतं. सगळ्यांना कपबशा. तुकारामला ओंजळीत वरून पाणी. चहा त्याला नको असतो असं नरहरीदादांनीच ठरवून टाकलेलं. आणि चिकाखालून आपांसाठी सरकवला जाई तो कान तुटलेला एक कप, जो नंतर धुऊन खिडकीबाहेर पालथा ठेवत. तिसऱ्या रविवारी आपा पडद्याआडून अगदी अदबीने म्हणाल्या, "दादा, ह्या कपावर माझं नाव तरी लिवून टाका. चुकून तुम्हीच प्याल, मंग आंघोळ लागंल." बाहेर सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. पुढच्या रविवारी तोच कप आला.

नरहरीदादा सगळ्यांना अहो म्हणत. तुकारामला तुक्या. "तुक्या, तुझ्यासाठीच चाललंय बरं हे सगळं," असं ते दर बैठकीला एकदा म्हणत, आणि तुकाराम मान हलवी.

मराठी मसुदा झाला. मग सह्यांचा प्रश्न आला. पोरांच्या सह्यांना कोण विचारतो, गावातल्या प्रतिष्ठितांच्या हव्यात. नरहरीदादा मसुदा घेऊन घरोघर फिरले आणि पुढच्या रविवारी उत्साहात परतले. सगळे सह्या करायला तयार होते. फक्त एका वकीलसाहेबांनी एक शब्द सुचवला होता. 'सर्व विद्यार्थ्यांची एकत्र भोजनव्यवस्था व्हावी' याऐवजी 'सर्व विद्यार्थ्यांची यथायोग्य भोजनव्यवस्था व्हावी'. दादांनी ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. शब्द कानाला गोड होता, भारदस्त होता. एकाने तर म्हटलं की आधीच्यापेक्षा हेच चांगलं वाटतं.

आपांनी पडद्याआडून विचारलं की ह्या शब्दाचं उर्दू काय करू. दादा म्हणाले, योग्य असेल ते करा, तुम्ही जाणकार.

"दफ्तरात ह्याला एकच बोल हाय," आपा म्हणाल्या. "हस्बे मरातिब. म्हंजे ज्याचा जसा दर्जा, तशी त्याची जागा. लिवू का?"

मला वाटलं, आता उमगलं. मराठीत जो शब्द शालजोडी पांघरून बसला होता, तो उर्दूत उघडा पडला. पण दादांचा चेहरा हळूहळू उजळला आणि ते म्हणाले, वा, साहेबांना हे एकदम पसंत पडेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या माना चिकाच्या फटींतून पाहिल्या, आणि माझ्या आयुष्यात माणसांबद्दल शिसारी आल्याचा तो पहिला प्रसंग. ती काही मूर्ख माणसं नव्हती. त्यांना अर्थ कळला होता, आणि आवडला होता.

आपांनी कलमदान मिटलं. बुरखा घेतला. जाताना एवढंच म्हणाल्या की एकोप्याच्या अर्जात दर्जा लिहायला माझा हात उठत नाही, कचेरीबाहेर लिहिणारे पुष्कळ बसतात. घरी येऊन त्यांनी इतक्या चुळा भरल्या की रांजण तळाला गेला.

अर्ज दुसऱ्या कोणी लिहिला. मंजुरी इतक्या लवकर आली की वडीलसुद्धा चकित झाले. निजामी दफ्तरातून कागद असा कधी हलत नसे. पण नाकारण्यासारखं त्यात होतं काय? मंडळाने पेढे वाटले. आणि बोर्डिंगाच्या स्वयंपाकघरामागे, खरकट्या पाण्याची नाली जिथून वाहते तिथे, चार बांबूंवर पत्रे टाकून तुकारामची यथायोग्य व्यवस्था झाली. झोपणं तिथे, जेवणं तिथे. आचारी भाकरी वरून टाकी, कधी ती ताटात पडे, कधी बाहेर. वडिलांबरोबर एकदा मी ती जागा पाहिली. माश्यांनी पत्र्याचा खालचा भाग काळा झाला होता. वडील रुमाल नाकाला लावून उभे राहिले आणि म्हणाले, बरं आहे, सुरुवात तरी झाली.

मी हे आपांना सांगितलं. त्या तडकल्या, आणि गंमत अशी की तुकारामवरच. त्याला बोलावून घेतलं. मी तिथेच होते. लाज कशी वाटत नाही, त्या नालीवर बसून तू जेवतोस कसा, तोंडावर फेकून निघून का येत नाहीस, असं पुष्कळ बोलल्या. शेवटी त्यांचा नेहमीचा शब्द आला, तुझं ऐकून मला वकारी येऊन राह्यली.

तुकाराम दाराबाहेर पायरीखाली उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपा, वकारी यायला बी पोटात काईतरी लागतं. तुमच्या पोटात हाय. मला मॅट्रिक व्हायचंय. पत्र्याखाली बसून होता येतं, हसनाबादला जाऊन न्हाई होता येत."

आपांच्या नाकाशेजारची घडी त्या क्षणी नाहीशी झाली. मग त्या आत गेल्या, आतून बसायला वेताचा मोडा आणून अंगणात ठेवला आणि विचारलं, इंग्रजीत कुठं अडतंय तुझं. त्या दिवसापासून तो रोज शाळा सुटल्यावर येई. गणित आपा घेत, इंग्रजी बहुतेक मी. आपांना मी नंतर विचारलं की त्याच्या बोलण्याचा राग नाही का आला. त्या म्हणाल्या, "राग कशाचा? मी उठून आल्ते ना त्या बैठकीतून. मी घरी आले, अन् लफ्ज तिथंच ऱ्हायला."

तुकाराम पास झाला. तिसऱ्या वर्गात, पण पास. गावात त्याच्या जातीचा तो पहिला. आणि मंडळाने लगेच सत्कार ठेवला, वाचनालयाच्या त्याच खोलीत, भर दुपारी. प्रतिष्ठित मंडळी आली. नरहरीदादांनी भाषण केलं की आपल्या अर्जाला फळ आलं. आपांना आमंत्रण नव्हतं, तरी त्या मला घेऊन चिकामागे येऊन बसल्या.

भाषण संपलं. दादांनी झेंडूचा हार उचलला, तुकारामसमोर आले, आणि हार टेबलावर ठेवला. ठेवला, आणि मागे सरून टाळ्या वाजवू लागले. सगळे टाळ्या वाजवू लागले. म्हणजे त्याने तो उचलून स्वतःच्या हाताने गळ्यात घालावा अशी व्यवस्था होती. माझ्या शेजारी आपांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, आता या उठणार. त्या उठल्या नाहीत.

टाळ्या थांबल्या. तुकारामने हाराकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं.

"हार घालायचा असतो, दादा," तो म्हणाला. "घाला. मी उभा हाय."

दादा हसले. म्हणाले, अरे तुक्या, तुझाच आहे, घे की. हात बाजूला सोडून, मान किंचित पुढे करून तुकाराम उभा राहिला. वकीलसाहेबांना अचानक एक काम आठवलं. त्यांच्यामागे दोघे उठले. कोणी घड्याळ पाहिलं, कोणी चपला शोधल्या. पोरं आपसात कुजबुजत दाराकडे सरकली. शेवटी दादा म्हणाले की दुकानात माणसं खोळंबली आहेत, आणि तेही गेले. पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा मोठा डाग होता.

खोलीत तुकाराम राहिला, आणि चिकामागे आम्ही दोघी. आपा बाहेर आल्या आणि त्यांनी हाराकडे हात नेला. तुकाराम म्हणाला, "न्हाई आपा. तुम्ही नका घालू. त्यांचं काम हाय ते." आपांनी हात मागे घेतला. मग शिपाई कुलूप घेऊन आला.

तुकाराम त्याच आठवड्यात औरंगाबादेला नोकरी शोधायला गेला आणि त्याला ती मिळालीही. आपांबद्दल मात्र तक्रार झाली: सरकारी शिक्षिका असून मर्दांच्या सभेत पडद्याबाहेर आली, परजातीच्या मुलाला घरी शिकवते. हिंदूंनी केली की मुसलमानांनी, याचा पत्ता लागला नाही. आपांचं म्हणणं, ह्या एका कामात दोघांचा एकोपा झाला असेल. बदलीचा हुकूम आला, त्यांनी राजीनामा दिला आणि हैदराबादला भावाकडे जायचं ठरवलं. त्यानंतर दिवस फार वाईट आले. टपाल बंद पडलं, राज्य गेलं, आणि मला त्यांचा पत्ता पुन्हा कधी लागला नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधायला गेले होते. वाचनालयातला हार तोवर टेबलावर तसाच पडून होता. जाता-येता खिडकीच्या गजांमधून तो दिसे, आधी पिवळा, मग तपकिरी, मग काळपट. तुकारामसाठी आणलेला, म्हणून मंडळातलं कोणी त्याला शिवत नव्हतं. त्याला बुरशी आली, चिलटं धरली, खोलीत वास सुटला, तरी नाही. त्या दिवशी येताना मी पाहिलं तर टेबल रिकामं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की अखेर तुकारामच्याच जातीच्या वस्तीतून एक म्हातारा बोलावून त्याच्याकडून तो उचलून घेतला होता.

आपांनी बिछान्याला दोरी आवळत विचारलं, त्या म्हाताऱ्याने हाराचं काय केलं. मी सांगितलं, शेळीला घातला.

आपा थांबल्या. मग हसल्या, मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि आपल्या दखनीत म्हणाल्या, "चलो. इत्ते बडे गाँव में कोई तो मिली, जिसकू घिन नईं आई."