कुशाबाने देवीला विचारलेलं

"पोर्तुगीजांच्या राज्यात जन्मलात, त्याचा लेकीला तरी उपयोग होऊ दे की!" भिंतीपलीकडे लतिका कडाडली.

"देवी नाही म्हणाली," तिचा नवरा कुशाबा.

"देवीला नर्सची नोकरी करायचीय का?"

मी डाळ निवडत हसू दाबलं. आमच्या फणसवाडीच्या चाळीत भिंती कशाला बांधल्यात, ते मला अजून कळलेलं नाही.

कुशाबा शिंपीकाम करायचा. जन्म पेडण्याकडचा, गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हाचा. अशा माणसाला म्हणे पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं, मग त्याच्या मुलांनाही. आणि एकदा तिकडचे झालात की युरोपातल्या सत्तावीस देशांत कुठेही राहा, कामं करा, व्हिसा नको. इथे परळच्या माणसाला गिरगावात खोली मिळत नाही, आणि तिकडे बघा!

लेक इरावतीला जर्मनीत नर्स म्हणून जायचं होतं. पण आधी बापाने तिकडचं व्हायचं, म्हणजे त्याचं इथलं नागरिकत्व जाणार, मतही जाणार. ते कुशाबाच्या जिवावर आलं. तो गावी गेला, गुरवाकडून देवीला कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली फुलाची पाकळी उजवी पडली तर हो. पडली डावी.

त्या भांडणातच इरावती कामावरून आली. "बाबा, देवीला नेमकं विचारलंत काय?"

"कुशाबाने देश सोडून जावं का?"

"अहो, तुम्हाला जा म्हणतंय कोण? जायचंय मला!"

मी दारातून म्हटलं, "देवी बरोबरच बोलली रे. तूच भलतं विचारलंस."

तो पुन्हा गावी गेला, या खेपेला लेकीसाठी विचारलं. पाकळी उजवी पडली. लतिकाने मजलाभर हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या वाटल्या.

कुशाबा कागदोपत्री पोर्तुगालचा झाला, त्याचं इथलं मत गेलं; मागोमाग इरावतीही तिकडची झाली आणि जर्मनीला गेली. तिकडच्या नगरपालिकेला तिने मतसुद्धा दिलं. कुशाबा म्हणाला, "काकी, घरातलं एक मत वाचलं बघा."

मागच्या विधानसभेनंतर थोड्या दिवसांनी तो झोपेतच गेला. पण मतदानाच्या सकाळी दरवेळसारखं त्याने दार वाजवलं होतं. आम्हा म्हाताऱ्यांना केंद्रावर नेणं-आणणं त्याच्याकडेच असायचं.

"काकी, कार्ड घेतलंत?"

मतदान केंद्राच्या फाटकाशी हवालदार म्हणाला, "काका, तुम्हीपण जा आत."

"मी परदेशी आहे," कुशाबा ऐटीत म्हणाला. मला परत घरी सोडलं आणि खालच्या मजल्यावरच्या राधाबाईंना न्यायला जिना उतरला.