आमच्यात नाय असलं काय

"आमच्यात नाय असलं काय," ती म्हणायची, आणि वाकड्या बोटांनी पदर असा झटकायची, जणू मीच तिच्या अंगावर माशी सोडली होती.

मी विचारलेलं असायचं अगदी साधं. पनवेलला सांधेरोगाच्या एका दवाखान्यात मी केसपेपर भरते आणि रक्त घेते. केसपेपरवर एक रकाना आहे: घरात कुणाला हृदयविकार? आमचे डॉक्टर सगळ्यात आधी तिथे बघतात. आमवाताची सूज फक्त सांध्यांत राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही लागते. म्हणून या पेशंटचं हृदय मुळातच जपावं लागतं. त्यात घरातलं कुणी कमी वयात हार्टने गेलं असेल, तर धोका जन्मापासून रक्तात आलेला असू शकतो. मग डॉक्टर थांबत नाहीत, सरळ हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. सहा वर्षं, दर वर्षी नव्या कागदावर, मी तिच्या रकान्यात 'नाही' लिहिलं.

नेऱ्याकडच्या एका गावातून यायची. हिरव्या बांगड्या सुजलेल्या हातातून निघायच्या नाहीत. त्या वर सरकवून मी शीर शोधायची, आणि तीच मला शोधून द्यायची. "हितं बघ बाय, गेल्या टायमाला हितं गावली व्हती." पिशवीत माझ्यासाठी सुकट आणायची. त्या सुक्या मासळीचा वास पार डॉक्टरांच्या केबिनमध्ये. "डॉक्टरला पन दे," म्हणायची, "नुसता गोल्या लिवून लिवून वालला तो." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःची मूठ मिटत नाही आणि दुसऱ्याला घास भरवायची घाई.

एका हिवाळ्यात तिनं मला पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला, बोलावलं. तिचं सासर आणि माहेर एकाच गावात, दोन आळ्या सोडून. पोपटी माहेरच्या अंगणात होती, आणि मला वेळेत परतता यावं म्हणून दुपारीच मडकं लावलेलं. शेंगा शिजेपर्यंत मी ओटीवर बसले. समोर भिंतीवर हार घातलेले तीन फोटो. तिघांच्याही मिशा काळ्याभोर.

मी तिच्या भावजयीला विचारलं, हे कोण.

"ह्यो माजा नवरा. खल्यावर छातीत कल आली, पानी आनीपर्यंत गेला. ह्यो धाकला दीर, त्योबी तसाच. आन ह्ये सासरे."

"तेही तसेच?"

"तसंच." आणि ती शेंगा बघायला उठली.

मी तिला घरामागे ओढलं. "मावशी, सहा वर्षं खोटं लिहून घेतलंत माझ्याकडून."

"खोटं कसलं? झोपेत गेलं असंच सांगतो आमी सगल्यांना." मग आवाज खाली आला. "पोरीचं जमतंय बाय. माजी बोटं बघून एक जन परत गेलाय. रगतात रोग हाय म्हनले की पोरगी घरात बसंल."

"केसपेपर डॉक्टरांशिवाय कुणी बघत नाही."

"तुज्या काउंटरवरची पोरगी त्या पोराच्याच गावची हाय. लगीन झालं की लिव. मी सोता सांगीन."

मला तिचा संताप आला, आणि मी हो म्हटलं. वर तिने दिलेली पोपटीही खाल्ली.

लग्नाला पंधरा दिवस असताना ती आली ती डावा खांदा धरून. "जातं वडलं ना हलदीचं. सांधाच तो." डॉक्टरांनी हात वर करून पाहिला, मागे नेऊन पाहिला. खांदा छान फिरत होता. त्यांनी भुवई वर केली आणि स्वतः विचारलं, "घरात हृदयाचं कुणाला काही?"

"आमच्यात नाय असलं काय," ती म्हणाली. पदर झटकला नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी तिथेच उभी होते, तिच्यापासून हातभर अंतरावर. मी नळीवरचं लेबल वाचत राहिले. डॉक्टर म्हणाले, तरी आजच कार्डिओग्राम काढून घ्या. ती म्हणाली, लग्न होऊ दे. त्यांनीही जोर केला नाही, बाहेर गर्दी होती. त्यांचा राग येतो मला, पण त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

लग्न झालं. लग्नानंतरच्या पूजेला पाटावर बसल्या बसल्या ती गेली. पुढच्या सोमवारी कार्डिओग्रामला तिचा नंबर होता. कार्ड मीच लिहून दिलं होतं.

दिवसकार्याला गेले तर बायका म्हणत होत्या, नशीबवान, पोरीचं करून सवाशीण गेली. नवरा म्हणाला, "संधिवात लय वाडला व्हता." अहो, संधिवातानं कुणी पाटावर बसल्या बसल्या मरत नाही. हे मी तिथे ओरडून सांगायला हवं होतं. कपभर चहा पिऊन परत आले. नशीबवान म्हणे.

गेल्या महिन्यात तिची मुलगी आली, बरोबर सासू. सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही म्हणाली. मी तिचा हात हातात घेतला. बोटांची पेरं सुजली होती, मधलं बोट अंगठीपाशी लाल झालेलं. मी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं, दार लावलं आणि नवा केसपेपर घेतला.

"घरात कुणाला हृदयविकार?"

पोरीनं पदर झटकला. थेट तसाच. "आमच्यात नाय असलं काय."

"मी तुझ्या आईचं रक्त सहा वर्षं काढलंय," मी म्हटलं.

ती रडायला लागली. "आईनं शपथ घातलीय ताई. सासरी कल्लं तर?"

"कळू दे."

"आईला काय वाटंल?"

"तुझी आई मेली," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा, बाहेर गेला असेल तर जाऊ दे. "तिनं सांगितलं होतं, लगीन झालं की लिव. झालं ना लगीन?"

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "लिवा."

मी आई लिहिलं. मग मामा, दुसरा मामा, आजोबा. रकाना पुरला नाही, म्हणून आजोबांना समासात घेतलं.