पार्तमीम आणि रजेचा अर्ज

चाळिशी उलटल्यावर मी हिब्रू मुळाक्षरे गिरवू लागलो. दिवसा आखातात, रास अल खैमातील टाइल्सच्या कारखान्यात, कार्मिक विभागात काम. संध्याकाळी उजवीकडून डावीकडे चालणारी ती लिपी. नव्वदचे दशक सरत आले होते. रविवार कामाचा दिवस असल्याने आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी शुक्रवारी एका कुटुंबाच्या हॉलमध्ये उपासनेला जमत असू. तेथे मी कधी बोललो नव्हतो. तसा प्रसंगच येऊ दिला नव्हता. अखेर वडीलधाऱ्यांनी एका शुक्रवारचे मनन माझ्याकडे सोपवले आणि मी ‘पार्तमीम’ हा शब्द निवडला.

त्याच आठवड्यात भट्टीवरचा एक कामगार माझ्या टेबलाशी आला. जालन्याकडचा, आमच्याच उपासनेतला.

“साहेब, माय लय थकलीय. पंधरा दिवस सोडा म्हणा मॅनेजरला. तोंड बघून येतो.”

त्याचा पासपोर्ट आमच्या कपाटात होता आणि मॅनेजरच्या सहीशिवाय तो बाहेर निघत नसे. कचेरीची रीत सर्वांना ठाऊक होती. ट्रेमध्ये ठेवलेला अर्ज ट्रेमध्येच राही. कोणी तो हातात घेऊन मॅनेजरसमोर उभे राहिले, दोन वाक्ये बोलले, तरच सही होई. मी अर्ज नीटनेटका टाइप केला आणि ट्रेमध्ये ठेवला.

शुक्रवारी हातांत टिपणे धरून मी बोललो. पार्तमीम म्हणजे राजदरबारातले सरदार. हा शब्द संपूर्ण बायबलात तीनदाच येतो, आणि तो मूळचा हिब्रूही नाही. इराणी दरबारातून आलेला, आपल्यासारखाच परमुलखात राहिलेला. एस्तेरच्या पुस्तकात हे सरदार राजाच्या मेजवानीला बसतात. दानीएलाच्या पुस्तकात यहूदी सरदारांची मुले बाबेलला नेली जातात, परकी भाषा शिकून परक्या राजासमोर उभी राहण्यासाठी. आणि एस्तेरमध्येच पुढे सुचवले जाते, की राजाला ज्याचा सन्मान करायचा आहे त्याला घोड्यावर बसवावे आणि अत्यंत थोर सरदाराने त्याच्यापुढे ललकारत नगरातून चालावे. सरदाराची थोरवी तेथे दुसऱ्यासाठी पायी चालण्यात आहे, असा मी समारोप केला. मला वाटते, तो मला आवडलाही.

मागच्या सतरंजीवरून त्या भट्टीवरच्या कामगाराने विचारले, “म्हंजे साहेब, राजाच्या म्होरं ज्याला उभं राहता येतं, तो पार्तमीम?”

“हो.”

“मग आमच्यात तुम्हीच एक. माझ्या अर्जाचं काय झालं?”

हॉल हसला. “साहेब, धरा आता घोडा!” कोणीतरी म्हणाले. तोही हसत होता.

“उद्या नक्की,” मी म्हणालो.

शनिवारी अर्ज घेऊन मी मॅनेजरच्या काचेच्या दारापर्यंत गेलो. आत ते फोनवर कोणावर तरी ओरडत होते. मी परतलो. रविवारी दार उघडे होते आणि ते एकटेच चहा घेत होते. काय बोलायचे ते मला पाठ होते. कंपनीचा ड्रायव्हर बाजूने जाताना “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला, चला, म्हणून हसला. मी अर्ज पुन्हा ट्रेमध्ये ठेवला. त्या दिवसाच्या माझ्या वागण्याला मी तेव्हापासून शिस्त, संकोच, योग्य वेळेची वाट अशी नावे देऊन पाहिली. एकही टिकत नाही.

सोमवारी सकाळी गावाहून फोन आला. माय गेली होती, संध्याकाळी माती होती. आता मात्र मी सरळ आत गेलो. मॅनेजरनी लगेच सही केली आणि पेनाला टोपण लावताना विचारले, “बीमार थी तो पहले क्यों नहीं बताया? मैं छोड़ देता.”

मी कपाट उघडून पासपोर्ट काढला.

तो मातीला पोहोचणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होते. तरी दुपारी तो निघाला. मी त्याची बॅग उचलली. “राहू द्या, साहेब,” तो म्हणाला. मी ऐकले नाही. फाटकापासून पिकअपपर्यंत मी पुढे चाललो, तो मागून. ललकारण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते.

पिकअपमध्ये बसल्यावर तो म्हणाला, “शुक्रवारी चांगलं बोललात तुम्ही.” त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसवला असता.

पंधरा दिवसांनी तो भट्टीवर परतला. शुक्रवारी भेटत राहिला, आदराने नमस्कार करत राहिला. माझ्याकडे त्याने पुन्हा कधी काही मागितले नाही.