मी मिरची कुटत नव्हते!

मैत्रिणींनो, आजचं आजच सांगते, पोटात राहीना झालंय.

कंपनीत पॅकिंग लाइनला दिवसभर उभं राहून कंबर धरते, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ लावून घरीच व्यायाम सुरू केलाय. पण दाराला कडी लावून. आमच्या सणसवाडीच्या चाळीत बाईनं व्यायाम केला की लगेच, "हिला काम कमी पडतंय का?"

आज पहिल्यांदाच उड्यांचा व्हिडिओ लावला. धपाधप उड्या चालल्या होत्या आणि दारावर थाप पडली. खाली राहणाऱ्या मालकीणकाकू! हातात भाजलेल्या मिरच्यांची पाटी.

"मसाला कुटतीस व्हय गं? माझ्या बी एवढ्या घे की उरकून."

माझ्या उड्या त्यांना खाली मुसळासारख्या ऐकू आल्या होत्या!

"हो" म्हणून वेळ मारून न्यावी असं वाटलं. पण उखळ कुठनं आणू? तेवढ्यात मोबाईलमधली मुलगी ओरडली, "थांबू नका!"

"न्हाई काकू, व्यायाम करतीय," मी सांगून टाकलं.

काकूंनी माझा गाऊन बघितला, घाम बघितला. "मंग कर की! थांबलीस कशाला?" आणि पाटी घेऊन उंबऱ्यातच बसल्या.

दार सताड उघडं. शेजारणी डोकावून गेल्या. मी मात्र व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि अख्खा न थांबता संपवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच!

जाताना काकू म्हणाल्या, "उद्या दणका ऐकू आला न्हाई, तर वर येऊन उठवीन."

तुमच्यातलं कोण अजून कडी लावून व्यायाम करतंय? काढा की गं ती कडी!